पडलं तरी लागू नये असं ड्रोन

सांगवी
३ सप्टेंबर

विहीणबाई,

नमस्कार करते. घ्यायचा की परत पाठवायचा ते तुम्ही ठरवा. मी खरं तर फोनच करणार होते, पण सांगवीचा फोन आला की "आई मळ्यात गेलीय" असं सांगायचं, हे तुम्ही स्वरूपाला पढवून ठेवलंय. पोरांच्या लग्नाला सव्वा वर्ष झालं. इतके दिवस मळ्यात राहिलात तर डाळिंबंसुद्धा तुम्हाला कंटाळतील. म्हणून लिहिते. पत्र आलं की ते घ्यावंच लागतं.

वृषाली येत्या पंधरवड्यात बाळंतपणाला माझ्याकडे येतेय. यशराजराव पुण्याहून आणून सोडणार आहेत. तुमची सून आणि माझी लेक एकच असल्यामुळे तिची खुशाली तुम्हाला माझ्याआधी कळत असणार, तेव्हा ती लिहीत नाही. माझी खुशाली मात्र तुम्हाला कोण सांगणार? मी बरी आहे. गायी बऱ्या आहेत. आमचे हे बरे आहेत, गुडघा सोडून.

आणि मी ड्रोन बनवायला घेतलंय.

पत्र फाडू नका, थोडं पुढं वाचा. त्या दिवशी काय झालं ते तुम्हाला माझ्याकडून ऐकायची गरज नाही, पण तुम्हाला कुणी नीट सांगितलंही नसेल. बारामतीचा तो लखन फोटोवाला म्हणाला, हल्ली वरमाला ड्रोननं उतरवतात, आपण विहीणबाईंचा मानही वरून उतरवू. खण अलगद तुमच्या हातात येणार होता. सगळं ठरलं, आणि ऐन वेळी आमच्या सरुआत्या कडाडल्या, "रिकामा खण देत्यात व्हय इंदापूरकरणीला? नारळ न्हाय?" लखन म्हणत होता, आत्या, याला वजन झेपणार नाही. पण आत्यांपुढं कुणाचं चाललंय? नारळ बांधला. तो वर गेल्यावर घड्याळाच्या लोलकासारखा हलायला लागला, ड्रोन एका अंगाला कललं आणि तुमच्या शेजारच्या बासुंदीच्या पातेल्यात पडलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. पैठणी, केस, चष्मा. आणि विहिणीच्या पंगतीचं ताट तसंच टाकून तुम्ही गाडीत बसलात. मी ताटाजवळ उभी होते. मला त्या दिवसाची दुसरी कुठली गोष्ट आता नीट आठवत नाही.

सरुआत्यांचं अजूनही म्हणणं आहे की नारळ सोललेला असता तर झेपला असता.

लखन ते मोडकं ड्रोन आमच्या गोठ्यातच टाकून गेला. परवा भुशाची पोती हलवताना ते सापडलं आणि माझी तार सटकली. म्हटलं, आहे तरी काय हे? स्क्रू काढले. आत चार मोटारी, एक छोटी पट्टी हा त्याचा मेंदू, आणि बाकी सगळं बिस्किटासारखं ठिसूळ प्लॅस्टिक. एक हात मोडला तो थेट मेंदूपर्यंत चीर घेऊन गेला. मी कडबाकुट्टी, दुधाचं मशीन आणि ठिबक इतकी वर्षं सांभाळतेय, विहीणबाई. वस्तू पडणारच, हे धरूनच ती बनवायची असते. हे बनवणाऱ्यानं ते धरलेलंच नव्हतं.

तुमच्या नातवंडाच्या बारशाला व्हिडिओ तर घेतला जाणारच. लखनला मी दारात उभा करणार नाही. मग मीच एक असं बनवते, की पडलं तरी मोडू नये आणि कुणाच्या डोक्यावर पडलं तरी लागू नये.

तुमची विहीण (मी अजून आहे),
अनिता


सांगवी
२१ सप्टेंबर

विहीणबाई,

पत्र पोचलं म्हणे. स्वरूपा म्हणाली, आईनं वाचलं आणि उशीखाली ठेवलं. चुलीत नाही ठेवलंत, यातच मी खूश आहे.

आता माझी प्रगती ऐका. पहिलं आधी रिमोट घेतलं. सगळे आधी ड्रोन घेतात आणि तिथंच फसतात. रिमोट वृषालीच्या जुन्या लॅपटॉपला जोडायचं आणि पडद्यावरचं खोटं ड्रोन उडवायचं. मी ते खोटं ड्रोन खोट्या झाडांवर, खोट्या घरांवर आणि एका खोट्या तळ्यात इतक्यांदा घातलं, की आमचे हे म्हणाले, "अगं, गावात कुनाचं नुस्कान न्हाय झालं ह्येच लय झालं." आता मात्र ते एका जागी थांबवता येतं. एका जागी थांबवणं हेच सगळ्यात अवघड आहे. पळवणं सोपं असतं.

सांगाडा मी तीनदा केला. पहिला प्लायवुडचा, अंगणात आपटल्यावर त्याचे दोन तुकडे झाले. दुसरा पडद्याच्या अॅल्युमिनियमच्या पट्टीचा. तो मोडला नाही, वाकला, आणि वाकला तो वाकलाच. मग मोटारी तिरक्या बघायला लागल्या आणि अख्खं यंत्र थंडी वाजल्यासारखं थरथरायला लागलं. तेव्हा मला रोटाव्हेटरचा बोल्ट आठवला. तुमच्याकडंही आहे रोटाव्हेटर. दगड लागला की तो एक बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. मुद्दाम कच्चा ठेवलेला असतो तो. मग मी मधला भाग कार्बनच्या पातळ पत्र्याचा घेतला, चार हात वेगळे केले, आणि ते नायलॉनच्या बोल्टांनी बसवले. आपटलं की बोल्ट तुटतो, हात निखळून बाजूला पडतो, मोटार आणि मेंदू शाबूत. नवा बोल्ट घालायचा आणि परत उडवायचं. बोल्ट माझ्या पदराच्या गाठीला असतात.

पंख्यांभोवती कडी केलीत, ठिबकच्या बारीक नळीची. नळी ताटलीभोवती गुंडाळून कढत पाण्यात ठेवली आणि तसाच आकार धरला. आता पंखा फिरत असला तरी कडेनं कुणाचं बोट आत जात नाही.

फजितीही सांगते. चार पंख्यांतले दोन सुलटे फिरतात, दोन उलटे. मला वाटलं होतं, पंखा तो पंखा. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा ते जागच्या जागी पाठीवर उलथं झालं आणि पाय वर करून भुणभुणत राहिलं. आमची कपिला गाय दावं तोडून शेजारच्या लसूणघासात गेली. त्या संध्याकाळी तिनं निम्मं दूध चोरलं. आता मी उडवायला गोठ्यापासून लांब, खळ्यावर जाते.

वृषाली आली. तोंडावर तेज आहे. तुम्ही पाठवलेल्या डिंकाच्या लाडवांतला तिनं मला एकच चाखायला दिला. तुमच्या हाताला चव आहे हे मी कबूल करते, पण खोबरं जास्त होतं.

अनिता


सांगवी
१२ ऑक्टोबर

विहीणबाई,

या पाकिटात एक नखाएवढं कार्ड आहे, चिकटपट्टीनं पुठ्ठ्याला लावलंय. फेकून देऊ नका. स्वरूपाला फोनमध्ये घालून द्यायला सांगा आणि तिला बाहेर पाठवून एकट्या बघा. आधी पत्र वाचा मात्र.

मी आतापर्यंत एक गोष्ट माहीत नसल्यासारखं लिहीत होते. वृषालीनं मला सांगितलंय. तुम्ही बासुंदीमुळं रुसलेल्या नाही. पैठणी धुवून आली असती. लखनच्या खालच्या कॅमेऱ्यात तुमचं ओरडणं, घसरणं, चष्मा शोधणं सगळं आलं, आणि कुणीतरी ते हसण्याच्या आवाजासकट फोनवर फिरवलं. बारामतीतून इंदापुरात आणि तिथून कुठं कुठं. बचत गटाच्या बैठकीत तुम्ही अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेल्या असताना मागं दोघी तेच बघून खिदळत होत्या. तेव्हापासून तुम्ही गटात गेला नाहीत, बाजाराला गेला नाहीत, कुणाच्या हळदीकुंकवालाही नाही. कुणी टाकलं ते मी लखनला धारेवर धरून विचारलं. त्यालाही ठाऊक नाही.

मला फार वाईट वाटलं. बासुंदीचा राग मी जिलबी देऊन काढला असता. या दुखण्याला काय देऊ, ते मला कळेना.

मग गेल्या आठवड्यात देवानंच दिलं. ड्रोनवर कॅमेरा बसवला होता. पहिल्यांदा चित्र उकळत्या पाण्यासारखं हलत होतं, कारण मोटारींची थरथर थेट कॅमेऱ्यात जाते. त्याला मी दुधाच्या मशीनच्या सडाला लागतं ते मऊ रबर कापून खाली चार बाजूंना ठेवलं आणि चित्र थांबलं. इतकी हरखले की रिमोटच्या छोट्या पडद्यात स्वतःलाच बघत मागं मागं चालत राहिले. पडद्यात मी बारीक होत होते, मागं ऊस, बांध, सगळं कसं छान. फक्त मागं आपला गोबरगॅसचा खड्डा आहे हे पडद्यात दिसत होतं आणि माझ्या डोक्यात येत नव्हतं.

कंबरेपर्यंत गेले, विहीणबाई. एक हात वर, रिमोट धरलेला. आमचे हे धावत आले आणि मला ओढायच्या ऐवजी म्हणाले, "रिमोट दे आधी, रिमोट!" मी त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या वाऱ्यामुळं आल्या नाहीत, पण तोंड हलताना दिसतं. ड्रोन वर शांतपणे थांबून सगळं टिपत होतं. मी म्हटलं ना, एका जागी थांबवायला शिकले म्हणून.

हे सगळं त्या कार्डात आहे. दुसरीकडं कुठं नाही. मी ते कुणाला दाखवलं नाही, वृषालीलाही नाही. हवं तिथं पाठवा. गटावर पाठवा, अख्ख्या इंदापूर तालुक्यात पाठवा, वर गाणं लावा. माझ्याकडून परवानगी आहे.

अनिता


सांगवी
२ नोव्हेंबर

विहीणबाई,

दिवाळीचा फराळ पोचला. अनारसे जाळीदार झालेत. आमच्या यांनी डबा लपवून ठेवला होता, मी शोधला.

स्वरूपानं मला फोनवर सगळं सांगितलंय, तिला रागावू नका. म्हणे तुम्ही खोलीचं दार लावून घेतलंत. आतून आधी काहीच आवाज नाही. मग खोकल्यासारखा एक आवाज आला. मग व्याही कुंडलिकराव बाहेरून "काय झालं गं?" विचारत दार ठोठावायला लागले, तरी तो आवाज थांबेना. बाहेर आलात तेव्हा डोळे पुसत होतात आणि एवढंच म्हणालात, "पदर खोचायची अक्कल न्हाय तिला. असा पदर सोडून कोन चालतं खळ्यावर?"

पदर यापुढं खोचीन.

पण दुसरी गोष्ट तिनं सांगितली ती ऐकल्यापासून मी तुम्हाला पत्र लिहायला बसतेय आणि उठतेय. तिनं तुम्हाला विचारलं, आई, पाठवू का हे बचत गटाच्या ग्रुपवर? आणि तुम्ही तिच्या हातून फोन काढून घेतलात. "कुनाची फजिती अशी गावभर करायची नसती," म्हणालात. कार्ड काढलंत आणि देव्हाऱ्यातल्या डबीत ठेवलंत.

मी तुम्हाला आयतं हत्यार दिलं होतं. तुम्ही ते देवापुढं ठेवलंत. मी याच्यावर जास्त लिहीत नाही, अक्षर बिघडतंय.

ड्रोनचं सांगते. आता ते पुरं झालंय. मेंदूच्या पट्टीवर मी वृषालीचं नखांना लावायचं बिनरंगी पॉलिश दोन हात लावलं, म्हणजे दव आणि ओल आत जात नाही. बॅटरी फार नाजूक वस्तू आहे, ती फुगली तर पेटते, म्हणून ती वाळू भरलेल्या मडक्यात ठेवते आणि चार्ज होताना मी समोरून हलत नाही. एक भोंगाही लावलाय. उसात पडलं तर रिमोटवरून बटण दाबायचं, ते आतून ओरडतं. तोडणी येईपर्यंत उसात हरवलेली वस्तू मिळत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे.

वजन अडीचशे ग्रॅमच्या आत ठेवलंय, म्हणजे नियमानं सगळ्यात हलक्या वर्गात. ते सोनाराच्या काट्यावर करून आणलं. सोनार खूश झाला होता, बाई नातवंडासाठी काहीतरी मोडायला आली म्हणून. मी पिशवीतून हे काढलं तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. उडवते तेही नकाशा बघून. बारामतीच्या विमानतळाच्या बाजूला बंदी आहे, आपला मळा त्याच्या बाहेर आहे, आणि मी नारळाच्या शेंड्याच्या वर जातच नाही.

शेवटची परीक्षाही झाली. मी खळ्यावर पाट टाकून बसले आणि यांना सांगितलं, माझ्या डोक्यावर पाडा. ते म्हणाले, "इतक्या वर्सांत पैल्यांदा तू मला असं कायतरी सांगतीयास." आणि आनंदानं पाडलं. नळीची कडी डोक्याला लागली, एक हात निखळून मांडीवर आला, पंखे थांबले. टपली मारल्याएवढंही लागलं नाही. मग मी त्यांच्यावर पाडलं. मग परत त्यांनी माझ्यावर. वृषाली ओट्यावरून म्हणाली, तुम्ही दोघं घरात या बघू.

अनिता


सांगवी
१६ नोव्हेंबर

विहीणबाई,

मुलगी झाली. हे तुम्हाला यशराजरावांनी कळवलंच आहे आणि फोटोही पाठवलेत. फोटोत जे येत नाही ते मी लिहिते. तिचे तळवे गरम असतात. भूक लागली की ती रडत नाही, आधी भुवया चढवून आपल्याकडं बघते, आणि आपण उठलो नाही तर मग ऐकवते. हनुवटी तुमची आहे. मी आजवर या हनुवटीला घाबरत होते, आता तिला रोज तेल लावते.

बारसं तीस तारखेला, रविवारी. आत्या म्हणून स्वरूपा येणार, नाव तीच कानात सांगणार. व्याही येणार म्हणालेत. तुमचं कुणी नक्की सांगत नाही. वृषालीनं विचारलं तर तुम्ही "बघू" म्हणालात. ती काल पाळण्याच्या दोरीला लोकर गुंडाळत बसली होती आणि मधेच म्हणाली, "तिकडच्या आई आल्या न्हाईत तर मी बारसं करनारच न्हाय." बाळंतिणीला असं डोळ्यांतून पाणी काढू देऊ नये. मी तिला सांगितलं, येतील. कशाच्या जोरावर सांगितलं ते मलाही माहीत नाही.

म्हणून आता सरळच लिहिते. या. मंडप मोठा नाही, माणसं घरचीच आहेत. त्या दिवशी जे हसले असतील त्यांतलं कुणी मी बोलावलेलं नाही. सरुआत्यांना बोलावल्याशिवाय चालणार नाही, पण त्यांच्या हातात नारळ येऊ देणार नाही. आणि ड्रोन कपाटात आहे. तुम्ही सांगितल्याशिवाय ते बाहेर निघणार नाही. मी ते बनवलं तुमच्यासाठीच, पण तुम्हाला ते डोळ्यांपुढं नको असेल तर कपाटातच राहील, मला त्याचं काही वाटणार नाही. थोडं वाटेल.

तुमची नात तुमची वाट बघतेय. तिला अजून कुणाची वाट बघायची ते कळत नाही, म्हणून ते काम मी करतेय.

अनिता


सांगवी
३ डिसेंबर

सारजाताई,

तुम्ही रविवारी इथं होतात, तेव्हा बारशाचं वर्णन करत नाही. पण तुम्ही जे बघितलं आणि मी जे बघितलं त्यात फरक आहे. माझं ऐका.

गाडी आली आणि पहिले व्याही उतरले, मग स्वरूपा, आणि मग बराच वेळ कुणीच उतरेना. माझ्या हातात ओवाळायचं ताट होतं. निरांजन विझेल म्हणून मी पदर धरला होता. मग तुमचा पाय दिसला. मी ओवाळताना काहीतरी बोलायचं ठरवून ठेवलं होतं, ते सगळं विसरले. तुम्ही म्हणालात, "पदर खोचलायस न्हवं?" आणि आत गेलात.

नाव झालं, घुगऱ्या वाटल्या, पंगत उठली. तुम्ही जेवलात. मी मोजून बघत नव्हते, पण वाढायला दुसऱ्या कुणाला मी येऊ दिलं नाही. मग विडा चघळत तुम्ही सगळ्यांपुढं मोठ्यानं विचारलंत, "कुठं हाय तुमचं ते पाखरू? का मी उगंच आले?" मी कपाटातून आणलं. तुम्ही ते हातात घेऊन उलटंपालटं केलंत, नळीच्या कड्यात बोट घालून बघितलंत आणि म्हणालात, "द्या. मी उडवते."

मला नाही म्हणता आलं नाही. शिकवायला मिळाला तेवढा वेळ शिकवलं. उडालं. डोक्यांच्या वर गेलं, थोडं डगमगलं, थांबलं. तुमच्या तोंडावर जे आलं ते मी कधी बघितलं नव्हतं. मग तुम्हाला ते पाळण्यापासून लांब न्यायचं होतं, म्हणून तुम्ही दांडी जरा जोरात ओढलीत, आणि ते तिरकं जाऊन बरोबर कुंडलिकरावांच्या टोपीवर बसलं. टोपी उडाली. हात निखळून त्यांच्या ताटलीतल्या घुगऱ्यांत पडला. व्याही तसेच, तोंड उघडं, घास हातात.

ताई, त्या वेळी कुणीही हसलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, सगळे घाबरले. सगळे तुमच्याकडं बघत होते. प्रत्येकाला तो जुना दिवस आठवत होता. आमचे हे गाल आत ओढून उभे होते. वृषालीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तुमचा चेहरा लाल झाला आणि मला वाटलं, संपलं, आता परत गाडी.

आणि तुम्ही हसलात. आधी तो खोकल्यासारखा आवाज, मग पोट धरून, मग खांबाला टेकून. "अवं, आजपतुर ह्यांच्या टोपीला कुनी हात लावला न्हवता!" म्हणालात आणि खालीच बसलात. मग मंडप फुटला. सरुआत्यांचे दात खरोखर बाहेर आले, कवळीच निसटली. कुंडलिकराव घुगऱ्यांतून तो हात उचलून विचारत होते, "ह्यो कुटं बसवायचा?" मी पदराची गाठ सोडून नवा बोल्ट काढला आणि माझ्या बोटांना तो धरता येईना, इतकं हसू येत होतं.

हे सगळं कॅमेऱ्यात आलंय. खाली पडल्यावरही तो चालू होता. कडेला घुगऱ्या, मधे व्याह्यांची चप्पल, आणि मागं तुमचं हसणं. निघताना तुम्ही मला विचारलंत, आलं का त्यात? मी म्हटलं, आलंय. तुम्ही चष्मा पुसलात आणि गाडीत बसलात.

कार्ड सोबत पाठवतेय. मी कुणाला दाखवलेलं नाही आणि माझ्याकडं दुसरी प्रत नाही. देव्हाऱ्यातल्या डबीत जागा असेल. नसेल तर तुम्हाला हवं ते करा.

तुमची,
अनिता


सांगवी
१५ डिसेंबर

ताई,

आज सकाळी धारा काढत होते, तेव्हा स्वरूपाचा फोन आला. तिला बोलताना दम लागत होता. म्हणाली, मावशी, आई गटाच्या बैठकीला गेली होती. कुणी बोलावलं नव्हतं, स्वतःहून गेली. खुर्चीत बसली, आणि कामाला सुरुवात करायच्या आधी स्वतःचा फोन काढून म्हणाली, "तुमी माझं येक बघितलंय. आता ह्ये बघा. ह्ये मी सोता केलंय." आणि फोन हातोहात फिरवला. बायका आधी एकमेकींकडं बघत राहिल्या. टोपी उडाली तेव्हा मात्र कुणालाच आवरलं नाही, आणि सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही हसत होतात. मागं बसायच्या त्या दोघींनी परत लावायला सांगितलं. तुम्ही म्हणालात, आधी हप्ते गोळा करा, मग लावते.

मग कुणीतरी विचारलं, हे यंत्र आणलं कुठून? आणि तुम्ही सांगितलंत, "आमच्या इहिनीनं केलंय. मीबी करनार हाय. तिच्यापेक्षा चांगलं."

तिच्यापेक्षा चांगलं करा, मला चालेल. आधी रिमोट घ्या. ड्रोन नंतर. पंखे बसवताना सुलटे कुठले, उलटे कुठले ते खुणा करून ठेवा. बॅटरी उशीखाली ठेवू नका, तुम्हाला ती सवय आहे. बाकीचं कागदावर सांगून होणार नाही, तारा जोडताना शेजारी बसावं लागतं. मी गुरुवारी येते. तुम्ही या म्हणाला नाहीत तरी येते.

स्वरूपानं फोन ठेवला आणि मी तिथंच बादलीजवळ बसून रडले. तुम्ही आमच्याकडं आलात तेव्हा मला आनंद झाला होता. पण तुम्ही आपल्या बायकांत परत जाऊन बसलात, हे ऐकून जे झालं ते मला सांगता येत नाही. कपिलानं मान वळवून बघितलं आणि मी डोळे पुसून उरलेली धार काढली. दूध आज भरपूर दिलं तिनं.

तुमची,
अनिता